मुलांचे क्लास आणि घरची संध्याकाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा. मुलीला आठवड्यातून चार दिवस पोहणं, दोन दिवस गाणं, दोन दिवस अबॅकस आणि रविवारी बुद्धिबळ. मुलाला दोन दिवस फुटबॉल आणि शनिवारी चित्रकला. तुम्ही दोघंही नोकरी करता. संध्याकाळ ने-आण करण्यातच जाते आणि चौघांनी एकत्र जेवण्याचा योग सुट्टीच्या दिवशीच येतो. मुलगी हल्ली अधूनमधून 'आज नको' म्हणायला लागली आहे. त्यात पोहण्याचे प्रशिक्षक म्हणतात, हिला स्पर्धेच्या गटात घाला, आठवड्याला सहा दिवस, दोन-दोन तास. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं, सगळंच बंद करून टाकू. तुम्हाला भीती वाटते की उद्या हीच मुलगी विचारेल, 'मला तेव्हा का नाही शिकवलंत?' आणि या सगळ्यानंतर तुम्ही विचारलंय: मुलांना नेमके किती क्लास असावेत?

मी बरीच वर्षं मुलांचं आणि त्यांच्या आईवडिलांचं समुपदेशन करते. या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता आलं असतं तर माझं काम फार सोपं झालं असतं. एकाच क्लासने पार कोमेजून गेलेली मुलं मी पाहिली आहेत आणि तीन क्लास करून आल्यावर दप्तर फेकून पुन्हा खाली खेळायला पळणारीही. मुलाचं वय, स्वभाव, झोप, शाळेची वेळ, क्लास घरापासून किती लांब, घरात आजी-आजोबा किंवा दुसरं कोणी हाताशी आहे का, यावर उत्तर बदलतं. तेव्हा मी पुढे जे सांगते आहे त्यातलं काही तुमच्या घराला लागू पडणार नाही. ते तुम्हीच गाळा.

मला तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकात एक अडकलेले दिसतात. एक वेळेचा: एवढं सगळं आठवड्यात मावतं का? दुसरा हेतूचा: यातलं कोणतं कशासाठी चाललंय? तुम्ही दोघं भांडता ते दुसऱ्या प्रश्नावरून, पण शब्द वापरता पहिल्याचे. तो म्हणतो 'वेळ नाही', तुम्ही म्हणता 'काढू'. म्हणून भांडण मिटत नाही. आधी वेळेचा हिशोब उरकून घेऊ, कारण तो कागदावर होतो आणि त्यावर फारसा वाद घालता येत नाही.

बहुतेक घरांत हा हिशोब उलटा होतो. आधी क्लासच्या वेळा लिहिल्या जातात आणि उरलेल्या फटींमध्ये झोप, जेवण, अभ्यास कोंबले जातात. मी पालकांना झोपेपासून सुरुवात करायला सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी. म्हणजे तुमची दोन्ही मुलं पहिल्या गटात. सकाळी सहाला उठायचं असेल तर कमीत कमी हिशोबानेही नऊला झोप लागलेली पाहिजे. नुसतं अंथरुणावर पडून चालत नाही. मुलं शाळेतून चारला येत असतील तर हातात उरले पाच तास. त्यातून खाणं, आंघोळ, गृहपाठ, दप्तर भरणं, रात्रीचं जेवण यांचे दोन तास सहज जातात. उरले तीन.

आता एका तासाचा क्लास किती तासांचा असतो ते बघा. कपडे बदलून तयार होणं, जाणं, थोडं आधी पोचणं, क्लास, नंतर तिथे होणाऱ्या गप्पा, येणं, पोहणं असेल तर डोकं वाळवणं. घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावरचा तासाभराचा क्लास दोन तासांखाली क्वचितच उरकतो. म्हणजे शाळेच्या दिवशी एक क्लास बसतो आणि वर तासभर श्वास घ्यायला मिळतो. दुसरा क्लास त्याच दिवशी घातला की तो तास तर जातोच, शिवाय जेवण किंवा झोप यांपैकी एकाला कात्री लागते. तुमच्या मुलीचे रविवार सोडून आठ क्लास आहेत आणि दिवस सहा. म्हणजे आठवड्यातले किमान दोन दिवस दोन-दोन क्लासचे असणार. पत्रात तुम्ही कोणत्या दिवशी ती 'नको' म्हणते ते लिहिलेलं नाही, पण ते दिवस कॅलेंडरवर खूण करून बघा. दोन क्लासच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी हे जास्त होत असेल, तर तिला पोहण्याचा किंवा गाण्याचा कंटाळा आलेला नाही, ती दमलेली आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुन्हा येते.

त्याआधी धाकट्याबद्दल. तुमच्या पत्रात त्याच्यावर एकच वाक्य आहे: 'त्याचं अजून फारसं काही नाही, दोनच गोष्टी आहेत.' मला इथे थांबावंसं वाटलं. त्याच्या नावावर दोन गोष्टी असतील, पण त्याच्या आठवड्यात बहिणीचे नऊ क्लाससुद्धा आहेत. तो कुठे असतो तेव्हा? घरी सांभाळायला कोणी नसेल तर तलावाकाठच्या बाकावर, गाण्याच्या बाईंच्या दाराबाहेर, गाडीच्या मागच्या सीटवर. हातात बहुधा तुमचा फोन. सहा वर्षांच्या मुलाची धावण्या-उड्या मारण्याची सगळ्यात चांगली वेळ अशी वाट बघण्यात जाते आणि ती कुणाच्याच हिशोबात धरली जात नाही, कारण तिची फी भरलेली नसते. दोन मुलं असलेल्या घरांत मी जेव्हा आठवडा लिहायला लावते तेव्हा प्रत्येक मुलाचा वेगळा रकाना करायला सांगते, आणि त्यात 'भावंडासाठी थांबणं' हेही लिहायचं. बऱ्याच आयांना तो रकाना भरताना पहिल्यांदा कळतं की धाकटा संध्याकाळी सारखी किरकिर का करतो. मग आणखी एक रकाना आईचा आणि एक बाबांचा. तुमच्या दोन मुलांचे मिळून आठवड्याला बारा क्लास होतात; सोडणं आणि आणणं वेगळं धरलं तर चोवीस फेऱ्या. त्यातल्या कोण किती करतं, हे लिहिल्यावर तुमच्या नवऱ्याच्या 'सगळं बंद करू'मागे काय आहे तेही कदाचित दिसेल. किंवा तुम्ही सगळ्या फेऱ्या एकट्या करत असाल, तर तो इतक्या सहज 'बंद करू' का म्हणू शकतो ते दिसेल. दोन्ही शक्य आहे. पत्रावरून मला ते सांगता येत नाही.

आता हेतू. मी प्रत्येक क्लासपुढे एकच ओळ लिहायला सांगते: हा कशासाठी? आणि खरं लिहायचं, चांगलं दिसेल ते नाही. माझ्या अनुभवात उत्तरं साधारण चार प्रकारची येतात.

पहिलं, हे यायलाच हवं. पोहणं यात बसतं. पाण्यात बुडून होणारे मृत्यू टाळण्याच्या उपायांमध्ये जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना पोहण्याची मूलभूत कौशल्यं शिकवण्याचा समावेश करते. पण या हेतूला शेवट असतो. मूल खोल पाण्यात न घाबरता तरंगू लागलं, काठापर्यंत स्वतःहून येऊ लागलं, की तो हेतू पूर्ण झाला. त्यानंतरही पोहणं चालू राहील तर ते वेगळ्या कारणासाठी, आणि ते कारण वेगळं लिहायला हवं. तुमच्या घरात हे कधी बदललं ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही असं मला वाटतं. 'तिला पोहता आलं पाहिजे' इथून सुरू झालेली गोष्ट आठवड्याच्या बारा तासांच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली आहे, आणि मधे कुणी निर्णय घेतलेलाच नाही.

दुसरं, मुलाला आवडतं. हे ओळखण्याची माझी खूण साधी आहे. क्लास नसतानाही मूल ती गोष्ट करतं का? आंघोळ करताना गुणगुणतं का, रद्दीच्या कागदावर चित्रं काढतं का, भावाला पट मांडून बसवतं का? क्लासच्या बाहेर ज्याचा मागमूस नाही, ती आवड असेलही, पण बहुधा तिथल्या मैत्रिणींची आवड असते. मैत्रिणींसाठी जाणं हे वाईट कारण मुळीच नाही. फक्त ते माहीत असावं, कारण मैत्रीण क्लास सोडते तेव्हा आपल्या मुलीची 'आवड' एका आठवड्यात का संपली, याचा उलगडा होतो.

तिसरं, आपल्याला भीती वाटते. बाकीची मुलं करतात, मागे पडेल, बुद्धी वाढेल, गणित सुधारेल. अबॅकस आणि बुद्धिबळाचे क्लास पुष्कळदा या रकान्यात सापडतात. अबॅकसने तोंडी आकडेमोड जलद होते, सराव करणाऱ्या मुलांमध्ये ते दिसतंच. बुद्धिबळाने बुद्धिबळ चांगलं येतं. त्यापुढची आश्वासनं मात्र जपून घ्यावीत. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांत बुद्धिबळ शिकवून एक मोठी चाचणी घेतली गेली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले तेव्हा वर्षभरानंतरच्या गणिताच्या गुणांत त्या मुलांमध्ये आणि इतर मुलांमध्ये फरक दिसला नाही. मुलीला बुद्धिबळ आवडत असेल तर खुशाल खेळू दे, सुंदर खेळ आहे. गणितासाठी म्हणून रविवार सकाळ देत असाल तर ती परत घ्यायला हरकत नाही.

चौथं उत्तर लोक सहसा दबक्या आवाजात देतात: आम्ही घरी येईपर्यंत मूल कुठेतरी असायला हवं. यात लाजण्यासारखं काही नाही. नोकरी करणाऱ्या दोघांच्या घरात क्लास हा सांभाळण्याचाही मार्ग असतो. उलट हे मोकळेपणाने लिहिलंत तर निवड सोपी होते. सांभाळण्यासाठीच हवा असेल तर घराजवळचा, ज्यात परीक्षा नाहीत, घरी करायचा सराव नाही आणि जिथे मूल भरपूर हुंदडू शकतं असा क्लास घ्यायचा. त्यासाठी तासन्‌तास सराव मागणारी कला निवडणं म्हणजे मुलावर आणि त्या शिकवणाऱ्यावरही अन्याय.

इथपर्यंतचं केलंत तर दोन गोष्टी हाती येतात: कोणत्या दिवशी किती जागा आहे आणि कोणत्या क्लासचं कारण पक्कं आहे. ज्याचं कारण कुणालाच धड सांगता येत नाही तो क्लास पहिला जातो. बहुतेक घरांत असा एक तरी निघतो आणि तो गेल्यावर कुणी रडत नाही.

अवघड असतं ते मुलीचं 'आज नको'. यावर पालक दोन टोकांना जातात. एक, 'सुरू केलंय तर पूर्ण करायचं, सोडायची सवय लागेल.' दुसरं, 'तिला नको तर नको, जबरदस्ती कशाला.' दोन्हींमध्ये थोडं खरं आहे, म्हणूनच दोन्ही नियम म्हणून चालत नाहीत. मी 'आज नको' आणि 'हे नकोच' यांत फरक करते. पहिल्याची लक्षणं: निघताना कुरकुर, पण तिथे पोचल्यावर रमते, परत येताना काहीतरी सांगत येते. हा थकवा किंवा चालू खेळ सोडून उठण्याचा कंटाळा. मोठ्यांनासुद्धा कामावर निघताना तसं वाटतं. यासाठी क्लास सोडायची गरज नसते, दिवस हलका करायची असते. दुसऱ्याची लक्षणं: आदल्या रात्रीपासून विषय काढते, क्लासच्या दिवशीच पोट दुखतं, परत येताना गप्प, आणि ज्या गोष्टीत ती आधी पुढे होती तिच्यातही रस गेलेला. हे काही आठवडे टिकलं तर समजुतीच्या गोष्टी सांगत बसू नका. तिथे काहीतरी घडतंय का ते शांतपणे बघा: चिडवणं, अपमान, शिक्षा, कुणाची भीती, किंवा गट बदलल्यामुळे एकदम झेपेनासं होणं. 'का नको?' असं थेट विचारलं तर मुलं 'असंच' म्हणतात. 'तिथे सगळ्यात कंटाळवाणी वेळ कुठली?' किंवा 'तिथलं एक काही बदलता आलं तर काय बदलशील?' असं विचारलं की पुष्कळ काही बाहेर येतं. कुणा मोठ्या माणसाची भीती असल्याची शंका जरी आली, तरी बाकी सगळा विचार बाजूला ठेवून आधी तिथे पाठवणं थांबवायचं.

बाकी बाबतीत मी एक मुदत ठरवायला सांगते. नवी गोष्ट सुरू करतानाच मुलाशी बोलायचं: अमुक महिन्यापर्यंत करून बघू, तेव्हा तू ठरव. मधल्या काळात दर आठवड्याला 'सोडू का?' ही चर्चा नाही. मुदत आली की मुलाचं उत्तर मनापासून ऐकायचं आणि 'नको' म्हणालं तर टोमणे न मारता सोडायचं. त्यामुळे मुलाला एखादी गोष्ट नेटाने करणं आणि विचार करून थांबणं, दोन्ही जमतं. दहा वर्षांच्या मुलीला हे पूर्ण झेपतं. सहा वर्षांच्या मुलासाठी मुदत लहान हवी, आणि त्याच्या वयाला 'सोडायची सवय लागेल' ही काळजी मला तरी अनाठायी वाटते.

'पण फी भरली आहे!' हे वाक्य येणारच. मानसशास्त्रज्ञ हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण किमतीत, काहींना अचानक सवलतीत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त प्रयोगांना गेले. नाटकं तीच होती. आपण मुलांना पुष्कळदा याच कारणासाठी क्लासला पाठवतो. भरलेली फी मूल रडत गेलं तरी परत येत नाही आणि घरी राहिलं तरी नाही. ती हिशोबातून काढून टाका आणि पुढची फी भरायची का एवढंच ठरवा.

बक्षिसांबद्दलही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की गाण्याला गेली तर रात्री अर्धा तास स्क्रीन मिळते. ही सवय हळूहळू सोडा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक अभ्यास केला होता. ज्यांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस न सांगता नंतर मिळालं त्यांच्यात तशी घट नव्हती. जी गोष्ट मूल आपणहून करत होतं तिला मोबदला लावला की ती काम होऊन बसते. बक्षीस लावल्याशिवाय ती गाण्याला जातच नसेल, तर तुम्हाला गाण्याबद्दलचं उत्तर आधीच मिळालेलं आहे.

आता तुमची मुख्य भीती, मागे पडण्याची. खेळांपुरतं बोलायचं तर यावर बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे. आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६००० हून अधिक खेळाडूंची माहिती असलेले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रौढ वयात जागतिक पातळीवर पोचलेल्यांनी राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत लहानपणी जास्त निरनिराळे खेळ खेळले होते, आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता आणि सुरुवातीची त्यांची प्रगतीही सावकाश होती. मात्र कुमार गटात चमकणाऱ्यांचं चित्र उलटं होतं. त्यांनी मुख्य खेळ लवकर धरला होता. म्हणजे बाराव्या वर्षी पदक मिळवण्याचा रस्ता आणि बाविसाव्या वर्षी टिकून असण्याचा रस्ता वेगळा असू शकतो. प्रशिक्षक तुम्हाला पहिला रस्ता दाखवतात, कारण त्यांच्यासमोर पुढच्या हंगामाच्या स्पर्धा असतात. त्यात त्यांचा दोष नाही, पण त्यांचं कॅलेंडर आणि तुमच्या मुलीचं आयुष्य ही एकच गोष्ट नव्हे. जिम्नॅस्टिक्ससारखे लवकर बहरणारे काही खेळ याला अपवाद आहेत, आणि ज्या मुलाला एखाद्या गोष्टीचं खरोखर वेड आहे त्याला 'थांब, वय होऊ दे' म्हणणंही बरोबर नाही. पण वेड मुलाचं असावं.

आणि 'मला का नाही शिकवलंत?' हा प्रश्न. तो मुलं विचारतात, खरंच विचारतात. माझ्याकडे येणारी मोठी मुलं-मुली आईवडिलांबद्दल तक्रारी करतात तेव्हा त्यांत 'क्लासला घातलं नाही' हे असतं, पण 'घरात कायम घाई आणि ओरडा असायचा' हे त्याहून खूप जास्त असतं. एखादी कला पंधराव्या किंवा पंचविसाव्या वर्षीही सुरू करता येते. सगळीच नाही आणि सगळ्याच उंचीपर्यंत नाही, पण आनंदाने करण्याइतकी नक्की. तेव्हा हा प्रश्न आलाच तर 'तेव्हा आपल्याकडे एवढंच मावत होतं' हे उत्तर पुरेसं आहे, आणि खरंही.

आता 'सगळं बंद करू' याबद्दल. तुमच्या नवऱ्याची अडचण मला समजते, पण हा उपाय फसतो. एका झटक्यात सगळं थांबवलं की मुलीला ती शिक्षा वाटते, विशेषतः 'आज नको' म्हटल्यानंतर लगेच थांबवलं तर. पुढच्या वेळी ती खरं सांगणार नाही. शिवाय मोकळी झालेली संध्याकाळ आपोआप कुटुंबाची होत नाही. ती चार जणांच्या चार पडद्यांची होते. मोकळ्या वेळासाठीसुद्धा थोडी मांडामांड लागते: बाहेर खेळायला सोबती, हाताशी सामान, आणि कुणीतरी मोठं माणूस जवळपास, पण शिकवत नसलेलं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी असं म्हणते. ती क्लासमध्येच व्हावी असं त्यात कुठे नाही. खाली तासभर पळापळी झाली की ती भागते, आणि भांडणं, समेट, नियम ठरवणं हे मुलं तिथेच शिकतात. क्लासमध्ये हे सगळं मोठी माणसं करून देतात.

पहिले काही दिवस मुलगी 'कंटाळा आला, काय करू?' म्हणत मागे लागेल. याला घाबरून पालक पुन्हा क्लास शोधू लागतात. तेवढं करू नका. वर्षानुवर्षं प्रत्येक तासाला कुणीतरी काहीतरी ठरवून दिलेल्या मुलाला रिकामा तास परका वाटणारच. त्याची सवय व्हायला थोडा वेळ जातो. मुलांच्या हक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात, त्याच्या ३१व्या कलमात, विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हे मुलाचे हक्क म्हणून लिहिलेले आहेत. मी हे पालकांना मुद्दाम सांगते, कारण 'नुसतं बसलंय' हे वाक्य आपण फार सहज तक्रारीसारखं म्हणतो.

एकत्र जेवणाचा आग्रह मी धरते, पण रोजचा नाही. तुमच्या कामाच्या वेळा बघता रोज जमणार नाही आणि न जमल्याची बोच आणखी वाढेल. शाळेच्या दिवसांतल्या दोन संध्याकाळी पक्क्या करा. त्या दिवशी कुणाचाच क्लास नाही, धाकट्याचाही नाही. नवा क्लास, वाढीव तास, कुणाचं आमंत्रण, काहीही आलं तरी त्या दोन संध्याकाळी आधीच भरलेल्या आहेत असं समजायचं. जेवण जमलं नाही तर झोपण्याआधीचा अर्धा तास घ्या. त्या वेळेत क्लासचा, अभ्यासाचा विषय मोठ्यांनी काढायचा नाही. मुलांनी काढला तर ऐकायचं.

तुमच्या जागी मी काय केलं असतं, असं तुम्ही विचारलंच आहे. पत्रावरून जेवढं कळतं तेवढ्यावर सांगते. अबॅकस चालू टप्पा संपताच थांबवलं असतं. बुद्धिबळाचा क्लास सोडून पट घरात ठेवला असता. बाबांना रविवारी तिच्याशी खेळायला आवडत असेल तर उत्तमच. गाण्याबद्दल मुलीशी बोलून, बक्षीस न लावता, एका मुदतीपुरतं ठेवलं असतं. धाकट्याचा फुटबॉल तसाच, कारण तो पळतो. चित्रकलेचा क्लास त्याला विचारून. सहाव्या वर्षी कागद-रंग हाताशी असले तरी पुष्कळ होतं. बदल एकदम न करता टप्पे संपतील तसे करा आणि मुलीला कारण नीट सांगा: तुझं काही चुकलं म्हणून हे नाही, आपला आठवडा फार भरला होता. आणि फेऱ्या वाटून घ्या. जो फेऱ्या करेल त्याचं मत त्या क्लासबाबत जड, असा नियम काही घरांत चांगला चालतो.

उरलं स्पर्धेचं पोहणं. सहा दिवस दोन-दोन तास म्हणजे आठवड्याला बारा तास. खेळातल्या दुखापतींवर काम करणारे डॉक्टर एक सोपा अंदाज वापरतात: आठवड्यातल्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, कारण त्यापुढे अतिवापराच्या गंभीर दुखापतींचा धोका वाढलेला दिसतो. तुमची मुलगी दहा वर्षांची आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१६ मध्ये आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून एकेका महिन्याची विश्रांती, आणि बहुतेक खेळांमध्ये १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून न घेणं असं सुचवलं आहे. हे घेऊन प्रशिक्षकांना भेटा, वाद घालायला नव्हे, विचारायला: ती चारच दिवस आली तर चालेल का? परीक्षेच्या काळात सुट्टी मिळेल का? वर्षातून महिनाभर आली नाही तर तिची जागा राहील का? त्यांनी 'हो, काहीतरी करू' म्हटलं आणि मुलगीही मनापासून तयार असली, तर एक हंगाम करून बघायला हरकत नाही, पण मग गाणं आणि पोहणं यांतलं एक तिनेच निवडायचं. 'सहा दिवस नाहीतर नाही' असं उत्तर आलं, तर तिला साध्या गटात तिच्या मैत्रिणींबरोबर पोहू द्या आणि बाराव्या-तेराव्या वर्षी पुन्हा विचारा.